लेझर आले, पावडरचे काय?

तमिळनाडूतील महेंद्रगिरी येथे ९ मे २०२४ रोजी इस्रोने एक इंजिन सलग ६६५ सेकंद पेटते ठेवले. पीएसएलव्ही या अग्निबाणाच्या चौथ्या टप्प्याचे हे इंजिन, पीएस-४. पीएसएलव्हीची उड्डाणे तीन दशकांपासून सुरू आहेत आणि त्याच्या चौथ्या टप्प्याने अनेक उपग्रह कक्षेत नेऊन सोडले आहेत. मग या चाचणीची बातमी कशासाठी झाली? कारण हे इंजिन कातून आणि जोडून घडवलेले नव्हते. ते लेझरने, धातूच्या पावडरमधून थरावर थर चढवत तयार केले होते.

जुन्या पद्धतीत याच इंजिनाचे १४ सुटे भाग बनत आणि त्यांना १९ ठिकाणी वेल्डिंग लागे. एका इंजिनासाठी फोर्जिंगचे ठोकळे आणि पत्रे मिळून ५६५ किलो धातू आणावा लागे. नव्या पद्धतीत पावडर लागली १३.७ किलो. चौदा भागांचा एकच भाग झाला, एकोणीसच्या एकोणीस जोड गेले आणि उत्पादनाचा एकूण वेळ ६० टक्क्यांनी घटला. या पद्धतीसाठी इंजिनाची नव्याने आखणी केली ती इस्रोच्या द्रव प्रणोदन केंद्राने. छपाई केली ती विप्रो थ्रीडी या भारतीय कंपनीने.

बरोबर तीन आठवड्यांनी, ३० मे २०२४ रोजी, चेन्नईच्या अग्निकुल कॉसमॉस या नवउद्योगाने श्रीहरिकोटाहून आपला छोटा अग्निबाण उडवला. त्याचे इंजिनही एकसंध छापलेले होते.

या दोन यशांवरून ‘आता आपणही धातू छापू लागलो’ एवढाच निष्कर्ष काढला, तर फसगत होईल. छापणारे यंत्र पैसे मोजले की मिळते. इंजिनाची मुळापासून फेरआखणी करणारे अभियंते, दर खेपेला तीच प्रत देणारी पावडर आणि तयार भाग आतून-बाहेरून तपासून ‘चालेल’ असा दाखला देणारी व्यवस्था या तीन गोष्टी मात्र कॅटलॉगमधून मागवता येत नाहीत. इस्रोकडे त्या होत्या. आपल्या बहुतेक कारखान्यांकडे नाहीत, आणि तरीही उद्योजकांचे व सरकारचे लक्ष यंत्रावरच खिळलेले आहे.

पद्धत सांगायला सोपी आहे. बंद पेटीत पोलादाची जाड पाटी असते. तिच्यावर मैद्याहून बारीक धातूची पावडर पसरली जाते. थराची जाडी साधारण ३० ते ६० मायक्रॉन, म्हणजे माणसाच्या केसापेक्षाही कमी. संगणकातील चित्राबरहुकूम लेझरचा किरण त्या थरावर फिरतो आणि जिथे धातू हवा तेवढीच पावडर वितळवतो. पाटी एका थराने खाली जाते, पुन्हा पावडर पसरते, पुन्हा लेझर. थर ४० मायक्रॉनचा असेल तर दहा सेंटिमीटर उंचीच्या भागासाठी हे चक्र अडीच हजार वेळा फिरते. वितळलेल्या धातूला हवेतला प्राणवायू लागू नये म्हणून पेटीत आर्गॉन किंवा नायट्रोजन भरलेला असतो. दुसऱ्या एका प्रकारात पावडरचा थर नसतोच. नोझलमधून पावडरची धार लेझरच्या झोतात सोडतात आणि धातू थेट हव्या त्या जागी चढवतात. मोठे भाग घडवायला किंवा झिजलेला जुना भाग पुन्हा भरून काढायला ही दुसरी पद्धत सोयीची.

लेझर आणि पावडरची जोडी जमवली ती टेक्सास विद्यापीठातल्या कार्ल डेकार्ड या विद्यार्थ्याने आणि जो बीमन या त्याच्या प्राध्यापकांनी, १९८० च्या दशकाच्या मध्यावर. त्यांचा भर प्रामुख्याने प्लास्टिकवर होता. जर्मनीत १९८९ मध्ये स्थापन झालेल्या ईओएस कंपनीने पुढच्या काही वर्षांत धातूसाठी यंत्र आणले. पावडर नुसती चिकटवायची नाही, पूर्ण वितळवायची, हा पुढचा टप्पा आखेनच्या फ्राउनहोफर लेझर संस्थेने गाठला. तिचा पेटंट अर्ज १९९६ चा आहे. म्हणजे ज्याला आपण ‘उद्याचे तंत्रज्ञान’ म्हणतो ते तीस वर्षांचे होत आले.

भारतही तेव्हा झोपला नव्हता. इंदूरच्या राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रात ‘लेझर रॅपिड मॅन्युफॅक्चरिंग’ या नावाने हे काम एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातच चालू होते. तिथल्या शास्त्रज्ञांनी स्वतः बांधलेल्या कार्बन डायऑक्साइड लेझरवर कोलमोनॉय-६ या कठीण निकेल मिश्रधातूचे बुश घडवून दाखवले. द्रुतप्रजनक अणुभट्टीच्या भागांसाठी अशा मिश्रधातूला महत्त्व आहे, कारण त्यात कोबाल्ट नसतो आणि कोबाल्ट किरणोत्सारात दीर्घकाळ त्रास देतो. आयआयटी मुंबईत प्रा. के. पी. करुणाकरन यांच्या प्रयोगशाळेने वेगळी वाट धरली. त्यांनी वेल्डिंगचा आर्क आणि सीएनसी यंत्र एकत्र जोडले: आधी धातू चढवायचा, मग तोच घासून मापात आणायचा.

ज्ञान होते, माणसेही होती. तरीही भारतीय कारखान्यांत धातू छापणारी जी यंत्रे आली, ती बहुतांशी जर्मनी, ब्रिटन आणि अलीकडे चीनमधून. चीनने काय केले हे पाहण्यासारखे आहे. शिआनच्या नॉर्थवेस्टर्न पॉलिटेक्निकल विद्यापीठातले संशोधन घेऊन २०११ मध्ये ब्राइट लेझर टेक्नॉलॉजीज ही कंपनी निघाली. आज ती यंत्रे बनवते, पावडर बनवते आणि स्वतःच विमानांचे भागही छापून देते. इंदूरच्या किंवा आयआयटी मुंबईच्या प्रयोगशाळेतून तेवढ्या आकाराची एकही कंपनी उभी राहिली नाही. बंगळूरुत अलीकडे इंटेक आणि अमेस यांसारख्या कंपन्या देशी यंत्रे बांधू लागल्या आहेत, हे स्वागतार्ह. पण ती सुरुवात आहे.

आता हे तंत्र नेमके कुठे खपते ते पाहू, कारण सगळा घोळ तिथे होतो.

पहिले उदाहरण विमानाच्या इंजिनातले. जीई आणि फ्रान्सची साफ्रान यांच्या भागीदारीतल्या लीप इंजिनात इंधन फवारणारी नोझल असते. तिच्या टोकाचे आधी वीसेक तुकडे जोडावे लागत. जीईने तो एकच भाग करून छापला. वजन २५ टक्के घटले, टिकाऊपणा पाचपट झाला. अमेरिकेतील अलाबामा राज्यातल्या ऑबर्न इथल्या कारखान्याने २०१८ मध्ये अशी तीस हजारावी नोझल तयार केली आणि २०२१ मध्ये एक लाखाचा टप्पा ओलांडला. हा प्रदर्शनात मांडायचा नमुना नाही. हे रोजचे उत्पादन आहे. मुंबईहून आकासाच्या बोइंग ७३७ मॅक्सने जाणारा प्रवासी याच नोझलच्या भरवशावर उडतो. जीईचा एक कारखाना पुण्याजवळ चाकणलाही आहे, २०१५ पासून. तिथून विमान इंजिनांचे भाग जगभर जातात. छापलेली नोझल मात्र ऑबर्नची.

दुसरे उदाहरण शरीरातले. जबड्याचे हाड संसर्गाने निकामी झालेल्या ८३ वर्षांच्या एका महिलेला नेदरलँड्समध्ये २०११ साली टायटॅनियमचा अख्खा खालचा जबडा बसवण्यात आला. बेल्जियममधील लेयरवाइज कंपनीने तो लेझरने छापला होता. वजन १०७ ग्रॅम. ही दूर देशातली नवलकथा वाटली, तर २०२१ आठवावे. कोविडच्या दुसऱ्या लाटेनंतर महाराष्ट्रात म्युकरमायकोसिसचे हजारो रुग्ण आढळले. जीव वाचवण्यासाठी अनेकांचा वरचा जबडा काढावा लागला. काहींचा डोळाही गेला. जगले, पण जेवता येईना, नीट बोलता येईना. अशा काही रुग्णांच्या सीटी स्कॅनवरून त्यांच्याच चेहऱ्याच्या मापाचा टायटॅनियमचा सांगाडा संगणकावर बेतून, लेझरने छापून बसवण्यात आला आणि त्यावर दात आले. इथे साचा बनवण्यात अर्थच नव्हता, कारण तो भाग जगात एकाच माणसाला लागणार होता. दंतवैद्यकाच्या प्रयोगशाळांत कोबाल्ट-क्रोमच्या टोप्या छापणे तर आता नित्याचे झाले आहे. एका पाटीवर अनेक रुग्णांचे काम रातोरात निघते.

तिसरे उदाहरण सर्वांत साधे आणि आपल्यासाठी बहुधा सर्वांत उपयोगी. स्लोव्हेनियातल्या क्रश्को अणुवीज केंद्रात आग विझवण्याच्या पाण्याचा एक पंप आहे. त्याचा १०८ मिलिमीटर व्यासाचा इम्पेलर, म्हणजे पाणी ढकलणारे पात्यांचे चाक, केंद्र सुरू झाल्यापासून, १९८१ पासून, चालत होता. तो बनवणारी मूळ कंपनीच बंद पडलेली. सीमेन्सने जुन्या इम्पेलरवरून संगणकीय प्रतिकृती तयार केली, भाग छापला, तपासला आणि २०१७ मध्ये तो पंपात चढला. अख्खा पंप बदलण्याची वेळ आली नाही.

तिन्ही उदाहरणांत एक धागा आहे. भाग गुंतागुंतीचा आहे, किंवा एकुलता एक आहे, किंवा दुसरीकडे कुठे मिळतच नाही. यांपैकी एकही अट लागू नसेल तर लेझरच्या वाटेला जाऊ नये. भोसरीतल्या सीएनसी लेथवर काही मिनिटांत निघणारा साधा बुश या यंत्रावर छापायला अनेक तास लागतात. एका लेझरचे यंत्र तासाला पाच-पंचवीस घनसेंटिमीटर धातू वितळवते, म्हणजे पोलादाचे फार तर दोनशे ग्रॅम. स्टेनलेस स्टीलचा गज किलोमागे काहीशे रुपयांना मिळतो, त्याच स्टीलची छपाईयोग्य पावडर काही हजारांना. कोल्हापूरच्या फौंड्रीवाल्यांनी त्यामुळे झोप उडवून घेण्याचे कारण नाही. बिडाचे ओतकाम स्वस्तात आणि टनावारी लागते तोवर त्यांचा धंदा लेझर हिरावून घेऊ शकत नाही. हजारोंच्या संख्येने छपाई परवडते, पण ती वरच्या थरातल्या मालाला. ॲपलने २०२५ मध्ये आपल्या घड्याळांची टायटॅनियमची कवचे छापायला घेतली आणि आधीच्या निम्म्या कच्च्या मालात काम भागवले. टायटॅनियम महाग, कातायला चिवट, आणि घड्याळाला ती किंमत झेपते. गणित म्हणून जमले.

यंत्र आले की दुसऱ्या दिवसापासून माल निघेल, हा समज सर्वांत महागात पडतो. वितळलेला थर निवताना आकसतो, खालचा घट्ट थर त्याला आकसू देत नाही, आणि भागाच्या पोटात ताण साठत जातो. कधी भाग पाटीवरून उचकटतो, कधी यंत्रातच तडकतो. म्हणून आधाराच्या काड्या छापाव्या लागतात, भाग पाटीसकट भट्टीत घालून ताण काढावा लागतो, वायरकटवर पाटीपासून सोडवावा लागतो, काड्या तोडाव्या लागतात, आणि जिथे बेअरिंग बसणार तो पृष्ठभाग पुन्हा यंत्रावर घासावाच लागतो. आत सूक्ष्म पोकळ्या राहिल्याची शंका असेल तर उच्च तापमानात सुमारे हजार वातावरणांच्या दाबाखाली भाग दाबून काढतात. महत्त्वाच्या भागाचा मग सीटी स्कॅन होतो. छपाई हा या साखळीतला एक दुवा आहे. खर्चाचा मोठा हिस्सा त्याच्या आधी आणि नंतर लागतो.

पावडर हा तर वेगळाच विषय. दाणा गोल हवा, आकार ठरलेल्या मर्यादेत हवा, ओल नको, प्राणवायूचे प्रमाण नेमके हवे. एकदा यंत्रातून फिरलेली पावडर चाळून पुन्हा वापरता येते, पण किती वेळा, हे प्रत्येक मिश्रधातूसाठी तपासूनच ठरवावे लागते. टायटॅनियम आणि ॲल्युमिनियमची पावडर हवेत उडाली आणि ठिणगी पडली तर स्फोट होतो. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्समध्ये २०१३ साली अशाच एका छोट्या कारखान्यात आग लागून कामगार गंभीर भाजला आणि मालकाला सरकारने दंड केला. आपल्या औद्योगिक वसाहतींतल्या दाटीवाटीच्या गाळ्यांत हे यंत्र बसवताना पावडर कुठे ठेवायची, कशाने झाडायची, कामगाराच्या बुटांचे तळवे कसले असावेत, हे आधी विचारले पाहिजे.

केंद्र सरकारने फेब्रुवारी २०२२ मध्ये या क्षेत्रासाठी राष्ट्रीय धोरण जाहीर केले. तीन वर्षांत जागतिक बाजारातला ५ टक्के वाटा, ५० देशी तंत्रे, १०० नवउद्योग, ५०० उत्पादने आणि एक लाख कुशल मनुष्यबळ अशी उद्दिष्टे त्यात मांडली. हैदराबादेत राष्ट्रीय केंद्रही उभे राहिले. तीन वर्षांची ती मुदत केव्हाच उलटली. उद्दिष्टांच्या यादीत मोजायला सोप्या गोष्टी होत्या: किती कंपन्या, किती उत्पादने. किती भाग प्रमाणित होऊन प्रत्यक्ष यंत्रात, विमानात, रुग्णात बसले, हा आकडा खरा. तो उद्दिष्टांत हवा होता.

कच्च्या मालाची गोष्ट आणखी खटकणारी आहे. टायटॅनियमचे खनिज, इल्मेनाइट, भारताच्या किनाऱ्यांवर मुबलक आहे. रत्नागिरीच्या काळबादेवी भागातली काळी वाळू त्याचीच. केरळात चवरा येथे इस्रोच्या पाठबळावर वर्षाला ५०० टन क्षमतेचा टायटॅनियम स्पंजचा, म्हणजे सच्छिद्र कच्च्या धातूचा, कारखाना उभा राहिला. वाळू आहे, स्पंज आहे. स्पंजपासून मिश्रधातू आणि मिश्रधातूपासून छपाईयोग्य गोल दाण्याची पावडर, ही पुढची साखळी मात्र देशात अजून तोकडी आहे. खनिज आपले, आणि वैद्यकीय रोपणासाठी पावडरचा डबा परदेशातून मागवायचा, हा व्यवहार शहाणपणाचा नाही.

महाराष्ट्राने यात कुठून हात घालावा? सुरुवात टूलरूमपासून. पिंपरी-चिंचवड, चाकण, छत्रपती संभाजीनगर आणि नाशिक या पट्ट्यात प्लास्टिकचे आणि डाय-कास्टिंगचे साचे बनवणारे शेकडो कारखाने आहेत. साच्याला थंड करणारे पाणी ड्रिलने पाडलेल्या सरळ भोकांतूनच जाते, कारण ड्रिल वळत नाही. छापलेल्या साच्यात ही नळी वस्तूच्या आकाराबरोबर वळत जाते, साचा सगळीकडून सारखा निवतो आणि प्रत्येक नगामागचे काही सेकंद वाचतात. लाखो नग काढणाऱ्या साच्यात त्या सेकंदांतून जादा खर्च भरून निघतो. इथे विमान वाहतुकीचे कडक प्रमाणपत्रही लागत नाही. शिकण्यासाठी याहून सोयीचे मैदान नाही.

दुसरे क्षेत्र जुन्या सुट्या भागांचे. ओझरचा एचएएल कारखाना, माझगाव डॉक, अंबरनाथ-वरणगाव-खडकीचे आयुध निर्माणी कारखाने, परळची रेल्वे वर्कशॉप: या सगळ्यांकडे दशकानुदशके चालणारी यंत्रसामग्री आहे आणि तिचे काही भाग आज कुणीच बनवत नाही. क्रश्कोच्या इम्पेलरसारखे, ज्यांच्या बिघाडाने जीव जात नाही पण काम अडते, असे भाग निवडून त्यांची जाहीर यादी करावी. ती यादी हीच लहान उद्योजकाची बाजारपेठ ठरेल. आज तो कर्ज काढून यंत्र घेतो आणि मग ऑर्डर शोधत हिंडतो.

तिसरी गोष्ट शिक्षणाची. ओतकामासाठी काढलेले ड्रॉइंग जसेच्या तसे छपाईला पाठवले तर भाग महागच पडतो, फायदा काही होत नाही. चौदा भागांचा एक भाग करणे हे आखणीचे काम आहे आणि ते शिकवावे लागते. आपल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत थ्रीडी प्रिंटिंग म्हणजे अजूनही प्लास्टिकच्या तारेतून गणपती किंवा मोबाइलचा स्टँड काढणे. धातू छापताना ताण कसा साठतो, आधार कुठे द्यायचा, पावडर कशी तपासायची, हे पदविकेच्या आणि आयटीआयच्या पोरांना हाताने करायला मिळाले पाहिजे. लेथ चालवणारा, वायरकट जाणणारा, धातूची नस ओळखणारा कामगार या कामात नवख्या पदवीधरापेक्षा लवकर तयार होईल.

एकेकट्या लघुउद्योजकाला सीटी स्कॅनचे यंत्र, उच्च दाबाची भट्टी आणि पावडरची प्रयोगशाळा परवडणार नाही. ते काम सामायिक सुविधेचेच आहे, आणि चिंचवडच्या ऑटो क्लस्टरमुळे पुण्याला अशा सुविधेचा अनुभव आहे. राज्य सरकारने यंत्रखरेदीसाठी आणखी एक अनुदान योजना आखण्याआधी तो पैसा तपासणी केंद्र आणि पावडर प्रयोगशाळेत घालावा, एखादा भाग पहिल्यांदा प्रमाणित करून घेण्याचा खर्च निम्मा उचलावा, आणि ओझर, माझगाव व परळच्या खरेदी विभागांना पहिल्या ऑर्डरी काढायला लावण्यासाठी केंद्राकडे आग्रह धरावा. यंत्रे मग उद्योजक स्वतःच्या पैशाने घेतील.